कियांगान : अळू, भात आणि बांधाच्या वयाचं भांडण

(हा एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. बसमध्ये हेडफोन विसरलेल्यांसाठी खास.)

आजचा एपिसोड एका गावाबद्दल आहे. गाव आपल्याकडचं नाही. फिलिपिन्समधलं, लुझोन बेटाच्या उत्तरेला कॉर्डिलेरा नावाच्या डोंगररांगेत वसलेलं. नाव कियांगान, जिल्हा म्हणा किंवा प्रांत म्हणा, इफुगाओ. लोकसंख्या साधारण १७ हजार. मनिलाहून रात्रभर बसने वर चढत जायचं, सकाळी लागावे नावाच्या प्रांताच्या मुख्य गावाला उतरायचं, तिथून जवळच आहे.

तुमच्यापैकी काही जणांनी इफुगाओचे फोटो नक्की पाहिलेत, नाव माहीत नसेल एवढंच. डोंगराच्या पायथ्यापासून वरपर्यंत पायऱ्या पायऱ्यांची भातशेती, प्रत्येक पायरीत पाणी, पाण्यात ढग. इन्स्टाग्रामवर 'आठवं आश्चर्य' म्हणून फिरतात ते. फिलिपिन्सच्या २० पेसोच्या नोटेवर मागच्या बाजूला हेच चित्र आलं होतं, बानावे या शेजारच्या गावाचं. आता यातली गंमत ऐका. युनेस्कोने १९९५ मध्ये या भातशेतीला जागतिक वारसा म्हणून घेतलं तेव्हा पाच ठिकाणं निवडली : बाटाड, बांगाआन, मायोयाओ, हुंगडुआन आणि नागाकादान. नोटेवरचा तो बानावेचा प्रसिद्ध व्ह्यू-पॉइंट या पाचांत नाहीच! पर्यटक जिथे उभं राहून सेल्फी काढतात ती जागा यादीबाहेर. आणि पाचवं नाव जे घेतलं, नागाकादान, ते आपल्या कियांगानचं. मधून नदी जाते, दोन्ही बाजूंनी खाचरं वर चढत जातात. फोटोत बाटाडइतकं नाट्यमय दिसत नाही, म्हणून गर्दी कमी.

मी कियांगान का निवडलं? कारण फोटोच्या मागे जे आहे ते इथे जास्त दिसतं. शेती, गाणी, कायदा, युद्ध, सगळं एकाच छोट्या गावाभोवती. आणि एक भांडण, ज्यावर मी अर्धा एपिसोड खर्च करणार आहे. आधी शेती समजून घेऊ, नाहीतर भांडण कळणार नाही.

तिथलं पारंपरिक भात म्हणजे तिनावोन. 'तावोन' म्हणजे वर्ष, तिनावोन म्हणजे वर्षातून एकदा येणारं. उंच वाढणारं, थंडी सहन करणारं. थंडीत लावणी, जून-जुलैच्या सुमारास काढणी. काढणीला विळा लावत नाहीत, हातात मावेल अशा छोट्या पात्याने एकेक लोंबी कापतात आणि जुड्या बांधतात. त्या जुड्या 'आलांग'मध्ये जातात, म्हणजे खांबांवर उभी केलेली लाकडी कणगी. खांबांना वरच्या बाजूला लाकडाची गोल तबकडी बसवलेली असते. उंदीर खांबावर चढतो, तबकडीला डोकं लागतं, परत खाली. किती साधं! वीज नाही, विष नाही. घरांनाही तसेच चार खांब आणि तशाच तबकड्या. कणगीत 'बुलुल' ठेवतात, लाकडात कोरलेल्या राखणदाराच्या मूर्ती, बहुतेक वेळा जोडीने. आज जगभरच्या संग्रहालयांत हे बुलुल काचेमागे बसलेत, राखायला भात नाही.

आता पाणी. हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण ही शुद्ध सिस्टिम डिझाइन आहे. खाचरांच्या वर, डोंगराच्या माथ्याकडे 'मुयोंग' असतं. मुयोंग म्हणजे कुटुंबाच्या मालकीचं राखलेलं जंगल. लाकूड, सरपण, औषधी झाडं तिथून येतात. पण खरं काम वेगळंच : पावसाचं पाणी धरून ठेवायचं आणि हळूहळू सोडायचं. झऱ्याचं पाणी पाटाने पहिल्या खाचरात येतं, तिथून खालच्या, तिथून त्याच्या खालच्या. वरच्याने पाणी अडवलं तर खालचे वीस जण अडचणीत. वरच्याचा बांध फुटला तर चिखल आणि दगड घेऊन तो खालच्याच्या शेतात. म्हणजे तुमचं शेत नीट आहे की नाही हे तुमच्या हातात फक्त अर्धंच असतं.

आणखी एक गोष्ट, जी फोटोवरून कळत नाही. ही खाचरं वर्षभर पाण्याने भरलेली ठेवतात. भात नसतानाही. का? कारण बांध दगडाचा असो की मातीचा, आत मातीच आहे. ती सुकली की भेगा पडतात. भेगांत पुढच्या पावसाचं पाणी शिरलं की आतून दाब येतो आणि भिंत पोट फुगून फुटते. म्हणून काढणी झाली की तण आणि पेंढा गोळा करून पाण्यातच ढिगारे रचतात, ते कुजतात, त्यांच्यावर भाजीपाला लावतात आणि पुढच्या लावणीला तेच खत. शेत रिकामं कधी नसतं. सर्व्हर बंद करून ठेवला तर खर्च वाचेल असं वाटतं ना, इथे बंद केला की हार्डवेअरच कोसळतं.

एवढं काम एका घराला झेपणारं नाही. म्हणून 'उब्बू'. आपल्याकडे सह्याद्रीत ज्याला सावड म्हणतात तेच. आज तुमच्या शेतावर आम्ही, परवा आमच्या शेतावर तुम्ही. आणि संकटात, म्हणजे कुणाचं घर जळालं, बांध गेला, तर 'बाद्दांग' : परतफेडीचा हिशेब न ठेवता केलेली मदत. काही ठरावीक दिवशी 'तुंगो' असतो, त्या दिवशी शेतात कुणीही पाऊल टाकायचं नाही. हे दिवस, विधी, डुक्कर-कोंबडीचा नैवेद्य, तांदळाची दारू, हे सगळं 'मुंबाकी' म्हणजे त्यांचा पुजारी बघतो. (नाव ऐकून मुंबई आठवली ना? मलाही. काहीही संबंध नाही.)

मग गाणी. कापणी चालू असताना बायका 'हुदहुद' म्हणतात. एक बाई पुढची ओळ उचलते, बाकीच्या मागून येतात, आणि सगळ्या ओळींना चाल एकच. मेलेल्या माणसाच्या जागरणालाही हुदहुद म्हणतात. २०० पेक्षा जास्त कथा, प्रत्येकीचे ४० च्या आसपास भाग, पूर्ण म्हणायला काही दिवस लागतात. हे सगळं पाठ! फ्रान्सिस लाम्ब्रेख्ट नावाच्या बेल्जियन कॅथलिक पाद्र्याने विसाव्या शतकात यातल्या बऱ्याच कथा लिहून काढल्या. म्हणजे ज्या धर्मामुळे मुंबाकी कमी झाले त्याच धर्माच्या माणसाने गाणी वाचवली. इतिहास असा गुंतागुंतीचा असतो, एका बाजूला बसवता येत नाही.

सगळ्यात गाजलेली कथा आलिगुयोनची. हान्नांगा गावचा हा तरुण बापाच्या शत्रूला शोधत दालिगदिगानला जातो. समोर येतो शत्रूचा मुलगा, पुम्बाखायोन. दोघे भाले फेकतात, दोघेही एकमेकांचे भाले हवेत झेलतात. दीड वर्ष! मग लढाई आलिगुयोनच्या गावात जाते, तिथे आणखी दीड वर्ष. बघणारे कंटाळतात, कुणी हरत नाही. शेवटी काय होतं? दोघे लढाई थांबवतात आणि एकमेकांच्या बहिणींशी लग्न करतात. मला यातलं भारी काय वाटतं सांगू? ही कथा भात कापणाऱ्या बायकांच्या तोंडी आहे. तीन वर्षं भाले फेकणाऱ्या दोन पोरांकडे त्या कुठल्या नजरेने बघत असतील, याची कल्पना करा. तीन वर्षांत शेत कोण बघत होतं?

२००१ मध्ये युनेस्कोने हुदहुदला मौखिक वारशाच्या पहिल्याच यादीत घेतलं, २००८ मध्ये ते प्रातिनिधिक यादीत गेलं. आणि त्याच २००१ मध्ये, लक्ष द्या, शेती 'धोक्यातला वारसा' यादीत टाकली गेली. गाणं वर, शेत खाली, एकाच वर्षी. पण ते पुढे.

आता थोडं कायद्याबद्दल. रॉय फ्रँकलिन बार्टन नावाचा अमेरिकन शिक्षक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कियांगानला आला आणि वर्षानुवर्षं राहिला. १९१९ मध्ये त्याने 'इफुगाओ लॉ' हे पुस्तक काढलं. त्याला सापडलं ते असं : राजा नाही, सरपंच नाही, पोलीस नाही, कोर्ट नाही. तरी कोणत्या गुन्ह्याला कोणता दंड, हे पक्कं ठरलेलं. श्रीमंताचा दंड वेगळा, गरिबाचा वेगळा. आणि दोन घरांत तंटा झाला की मध्ये 'मोन्कालुन', म्हणजे मध्यस्थ. तो या घरातून त्या घरात फेऱ्या मारतो, धमकावतो, समजावतो, घासाघीस करतो. दोन्ही पक्षांनी त्या काळात समोरासमोर यायचं नाही. सगळंच गोंडस होतं असं नाही. वैर टोकाला गेलं की मुंडकी कापली जात, खरं-खोटं ठरवायला उकळत्या पाण्यात हात घालायला लावत. मला या गोष्टी झाकायच्या नाहीत. पण 'सरकार नाही म्हणजे कायदा नाही' हे आपण शाळेत न शिकता शिकलेलं वाक्य त्या पुस्तकापुढे टिकत नाही.

वारसाहक्काचा नियमही तिथलाच. खाचरांचे तुकडे करत नाहीत. आईबापांची चांगली खाचरं मोठ्या अपत्याला, मुलगा असो किंवा मुलगी. दुसऱ्याला थोडं मिळालं तर मिळालं. तिसऱ्या-चौथ्याला जवळपास काही नाही. शेतीच्या दृष्टीने शहाणपणाचं, कारण पाच-सहा पायऱ्यांचे आणखी किती तुकडे करणार? पण माणसांच्या दृष्टीने?

आमच्या टीममध्ये टेस्टिंगला एक मुलगी आहे, मनिलातून काम करते, मूळची कियांगानची. चौथं अपत्य. एकदा रिलीज लांबली आणि कॉलवर बसून राहायची वेळ आली, तेव्हा तिने हे सांगितलं. शेत मोठ्या भावाला मिळालं. भाऊ नोकरीला आखाती देशात गेला. शेत पाहायला वयस्कर मावशी. मागच्या पावसात एक बांध गेला. दुरुस्तीला मजूर लावायचे तर रोख पैसे हवेत, उब्बूला येतील अशी तरुण माणसं आळीत फारशी उरली नाहीत. पैसे पाठवले कुणी? हिने. जिच्या नावावर एक पायरीही नाही. मी विचारलं, मग तू का देतेस? ती म्हणाली, आमचा बांध गेला तर खालच्या घराचं शेत जातं, आणि खालच्या घरात माझी मैत्रीण आहे. आणि लगेच म्हणाली, बिल्ड झालं बघ.

हे मी तुम्हाला भावुक करायला सांगत नाहीये. ते पाणी वरून खाली जातं म्हणालो ना, त्याचा हिशेब माणसांत कसा उतरतो ते यात दिसतं.

बरं. आता भांडण.

प्रश्न साधा आहे : ही शेती किती जुनी? तुम्ही आत्ता मोबाइलवर शोधलं तर उत्तर येईल '२,००० वर्षं'. फिलिपिन्सच्या मुलांनी पाठ्यपुस्तकात तेच वाचलं, पर्यटनाच्या पत्रकात तेच. हा आकडा आला कुठून? बार्टन आणि त्याच्याच काळातला हेन्री ओटली बायर यांच्याकडून. बायर म्हणजे फिलिपिन्सच्या मानवशास्त्राचा एक जनकच, बानावेच्या इफुगाओ मुलीशी लग्न केलेला. या मंडळींनी डोंगर बघितले, हातातली हत्यारं बघितली आणि अंदाज बांधला की एवढे बांध घालायला दोन-तीन हजार वर्षं तरी लागली असतील. उत्खनन नाही, कार्बन डेटिंग नाही (ते तंत्र तेव्हा जन्मालाच आलं नव्हतं). अंदाज होता. पण अंदाज पुस्तकात छापला की आकडा होतो.

१९६२ मध्ये फेलिक्स कीसिंग नावाच्या अभ्यासकाने स्पॅनिश कागदपत्रं चाळून उलटं म्हणणं मांडलं. त्याचं म्हणणं, हे लोक खालच्या मागात नदीच्या खोऱ्यातून स्पॅनिशांच्या त्रासामुळे वर सरकले आणि बांध त्यानंतरचे. ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

मग स्टीफन अकाबादो आले, फिलिपिनो पुरातत्त्वज्ञ. २००९ मध्ये त्यांचा 'अँटिक्विटी' या नियतकालिकात लेख आला, आणि त्यात त्यांनी बेझ वापरला! हो, तोच बेझ, ज्याच्या प्रमेयाने इंजिनिअरिंगच्या गणितात आपल्याला रडवलं. अडचण अशी असते : बांधाखाली कोळशाचा तुकडा सापडला, त्याचं वय काढलं. पण ते वय लाकडाचं आहे, बांधाचं नाही. जुनं लाकूड नंतर मातीबरोबर वाहत येऊ शकतं. म्हणून एकट्या तारखेवर विश्वास ठेवायचा नाही. कोणता थर खाली, कोणता वर, कोणती पायरी आधी बांधल्याशिवाय कोणती बांधता येत नाही, ही आधीची माहिती गणितात घालायची आणि मग शक्यता काढायची. निघालं काय? बांध घालण्याचं मोठं काम सोळाव्या शतकाच्या शेवटाकडे आणि त्यानंतरचं. म्हणजे स्पॅनिश लोक लुझोनमध्ये हातपाय पसरत होते तेव्हा.

आणि इथे कियांगान पुन्हा येतं. इफुगाओंच्या मूळकथेत पहिली माणसं विगान आणि बुगान, आणि त्यांचं पहिलं गाव कियांगान, जुनं कियांगान. ते गाव केव्हाच सोडून दिलेलं, पण जागा लोकांना माहीत होती. अकाबादो, फिलिपिन्सचं राष्ट्रीय संग्रहालय आणि इफुगाओतल्याच लोकांची बांध वाचवण्याची चळवळ यांनी मिळून २०१२ पासून तिथे खणायला सुरुवात केली. स्थानिक लोक फक्त घमेली उचलायला नव्हते, खणायचं कुठे आणि कसं यातही त्यांचा शब्द होता. घरांखाली मडक्यात पुरलेली तान्ही बाळं सापडली. जरा थांबावंसं वाटतं ना हे ऐकून. गावात माणसं बऱ्याच आधीपासून राहत होती. पण जुन्या थरांत भात नव्हता. अळू होतं.

अळू! अळकुड्या खाऊन राहत होते. पाणथळ भात दिसायला लागतो तो १६०० नंतरच्या काळात, आणि मग एकदम जोरात. त्याच काळात गाव वाढतं, विधींमध्ये डुकरांचा वापर वाढतो, बाहेरच्या वस्तू येतात. अकाबादोंचा निष्कर्ष असा की हे पळून जाऊन लपलेल्या माणसांचं काम नाही. भात पिकवायला माणसं एकत्र लागतात, पाणी वाटून घ्यावं लागतं, विधी लागतात, नेते लागतात. स्पॅनिश खोऱ्यात आले तेव्हा वरच्या लोकांनी स्वतःला भाताभोवती बांधून घेतलं, आणि त्या बांधणीच्या जोरावर पुढची जवळपास तीनशे वर्षं ते स्पॅनिशांच्या पूर्ण ताब्यात गेले नाहीत. एकोणिसाव्या शतकात कियांगानला स्पॅनिश चौकी आली, हुआन विलावेर्दे हा डोमिनिकन पाद्री येऊन कियांगानच्या इफुगाओंबद्दल लिहूनही गेला, पण घट्ट पाय कधी रोवता आले नाहीत.

तुम्ही म्हणाल, छान, आकडा बदलला, भांडण कसलं? भांडण असं की अनेक इफुगाओंना हे आवडलं नाही. का आवडावं? '२,००० वर्षं' हे त्यांच्या ओळखीचं वाक्य होतं. मनिलातले लोक डोंगरातल्या लोकांना मागासलेले समजत आले, तेव्हा हे एक उत्तर त्यांच्याकडे होतं : आमच्या आजोबांनी हे उभं केलं तेव्हा तुमचं मनिला कुठे होतं? ते उत्तर कुणीतरी प्रयोगशाळेतून येऊन काढून घेतं. पर्यटनाचं पत्रक तर बाजूलाच राहिलं. काही अभ्यासकांचंही सगळं पटलेलं नाही. एका जागेच्या तारखा साऱ्या डोंगराला लावता येतील का, हा प्रश्न रास्तच आहे.

माझं मत विचाराल तर मला नवा आकडा जास्त आवडतो. जुना आकडा इफुगाओंना गोठवून ठेवतो : दोन हजार वर्षं एकच काम करणारी माणसं, बदल नाही, इतिहास नाही. नव्या आकड्यात पंधरा-वीस पिढ्यांत डोंगर कापून काढणारी माणसं दिसतात, समोर तलवार आणि बंदूक असताना पीक बदलणारी, जेवण बदलणारी, अख्खा समाज नव्याने रचणारी. वेगात केलेलं काम कमी दर्जाचं नसतं हो! पण हे मी पुण्यात बसून म्हणतोय. माझ्या ओळखीचं वाक्य कुणी बदललेलं नाही. त्यामुळे तिथल्या एखाद्या आजोबांनी 'आमचे बांध दोन हजार वर्षांचेच' म्हटलं, तर त्यांच्याशी कोळशाच्या तुकड्यावरून वाद घालायला मी जाणार नाही.

आणि एक बारीक गोष्ट. भात म्हणजे सगळ्यांचं रोजचं जेवण, असं पूर्वीही नव्हतं. भात श्रीमंतांचा, 'कादांगयान' घराण्यांचा, आणि सणाचा. बाकीची बरीच घरं उतारावरच्या रताळ्यांवर जगत. आपण ज्या पायऱ्यांचे फोटो लाइक करतो त्या प्रतिष्ठेच्याही पायऱ्या होत्या.

युद्धाचं थोडक्यात सांगतो, कारण यावर वेगळा एपिसोड होईल. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जपानी सेनापती तोमोयुकी यामाशिता आपलं उरलेलं सैन्य घेऊन याच डोंगरांत मागे हटला. २ सप्टेंबर १९४५ ला, ज्या दिवशी टोकियोच्या खाडीत जपानने सही केली त्याच दिवशी, तो खाली उतरून कियांगानच्या शाळेत शरण आला. दुसऱ्या दिवशी बागियोला नेऊन रीतसर सह्या झाल्या. आज तिथे इफुगाओ घराच्या आकाराचं मोठं स्मारक आहे आणि २ सप्टेंबर दरवर्षी पाळतात. पुस्तकांत यामाशिताचं नाव येतं. ते हजारो भुकेले सैनिक महिनोन्‌महिने कुणाचं भात आणि कुणाची रताळी खात होते, ते सहसा येत नाही.

आता २००१ कडे परत येऊ, धोक्याच्या यादीकडे. त्या वेळच्या पाहणीत पाव भागाहून जास्त खाचरं पडीक दिसली होती. कारणं एकात एक अडकलेली. तरुण बाहेर. त्यामुळे दुरुस्ती नाही. पर्यटकांना विकायला लाकडी मूर्ती कोरायच्या म्हणून मुयोंगमधली झाडं गेली, त्यामुळे पाणी कमी. पाणी कमी म्हणून खाचर सुकलं, सुकलं म्हणून भेगा. मोठी गांडुळं बांधात बिळं करतात, पाणी गळतं. १९८० च्या दशकात दक्षिण अमेरिकेतून खायला म्हणून आणलेली सोनेरी गोगलगाय शेतात सुटली, ती कोवळी रोपं फस्त करते. तिच्यावर औषध मारलं की पाण्यातले मासे आणि शिंपल्याही जातात. जास्त पीक देणारं नवं बियाणं आलं, त्याला खत लागतं आणि त्याचं वेळापत्रक वेगळं. वेळापत्रक बदललं की विधींचे दिवस जुळत नाहीत, उब्बू जुळत नाही, हुदहुद म्हणायला एकत्र कापणीच उरत नाही. एक फाइल बदलली आणि चौदा टेस्ट फेल.

काय केलं मग? पाट दुरुस्त केले, बांध बांधले, स्थानिक पातळीवर योजना आखल्या, शाळांमध्ये मुलांना हुदहुद शिकवायला घेतलं. कियांगानमध्ये इफुगाओंनी स्वतःचं शिक्षण केंद्र काढलं, तिथे मुलं विणकाम शिकतात, उत्खननातल्या वस्तू बघतात आणि शिक्षकांना स्वतःच्या इतिहासावर धडे मिळतात. दरम्यान तिनावोन तांदूळ 'वारसा तांदूळ' म्हणून अमेरिकेतल्या महागड्या दुकानांत गेला. चांगला भाव मिळाला. पण मुळात वर्षातून एकदा येणारं पीक, घरालाच वर्षभर पुरत नाही. घरचा विकायचा आणि बाजारातला स्वस्त तांदूळ आणून खायचा, असा हिशेब काही घरांत झाला. याला यश म्हणायचं का? मला ठरवता येत नाही.

२०१२ मध्ये सेंट पीटर्सबर्गला वारसा समितीची बैठक झाली आणि इफुगाओची शेती धोक्याच्या यादीतून बाहेर आली. त्याच बैठकीत आपला पश्चिम घाट जागतिक वारसा झाला, कास, कोयना, चांदोली, राधानगरी धरून. एकाच हॉलमध्ये, थोड्याच दिवसांच्या अंतराने, दोन डोंगर. त्या वेळी आपल्याकडे कासच्या फुलांचे फोटो पहिल्या पानावर होते, इफुगाओची ओळही कुठे वाचल्याचं मला आठवत नाही. यादीतून बाहेर आले म्हणजे बांध फुटायचे थांबले असं नाही. दर पावसाळ्यात, दर वादळात कुठे ना कुठे फुटतात. फक्त आता त्याची बातमी होत नाही.

आमच्या टेस्टरच्या मावशीचा बांध मात्र उभा राहिलाय. दगड तेच, जुनेच, खाली घरंगळलेले पुन्हा वर नेले. वापरून वापरून ते दगड एकमेकांत बसायला शिकलेत, असं तिथले गवंडी म्हणतात म्हणे. यंदा तिनावोन लावायचं की नवं बियाणं, यावर घरात अजून एकमत नाही. भावाचं म्हणणं नवं, मावशीचं म्हणणं जुनं, आणि पैसे जिने दिले तिला कुणी विचारलेलं नाही.

यूट्यूबवर हुदहुदची रेकॉर्डिंग सापडतात, नक्की ऐका. पहिली दोन मिनिटं काहीच कळणार नाही, चाल तीच तीच वाटेल. पाचव्या मिनिटाला काय होतं ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या एपिसोडला यामाशिता. चला, भेटू.